रोपे किती ते कळले, आया किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हवाई बेटावरच्या मौना केआ डोंगराचा आणि तिथे उभारायच्या तीस मीटर व्यासाच्या दुर्बिणीचा लेख वाचला. या प्रकल्पात भारत भागीदार आहे आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्थाही त्या कामात आहे, हे आमच्या तालुक्यातल्या मुलांपर्यंत पोहोचले, याचा आनंद आहे. मात्र हा डोंगर ओसाड आहे, तिथे गवताची काडीही उगवत नाही, अशा अर्थाचे एक वाक्य लेखात आहे. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, पण जमल्यास पूर्ण छापावे अशी विनंती.

मी देवरुखजवळ एकतीस वर्षे रोपवाटिका चालवते. हापूसची कलमे, काजू, कोकम आणि गेली पंधरा वर्षे जंगली झाडांची रोपे : ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, सीताअशोक. माझा मुलगा त्याच बेटावरच्या हिलो गावात राहतो आणि मौना केआवरच्या एका दुर्बिणीच्या देखभालीचे काम करतो. गेल्या वर्षी जुलैत त्याच्याकडे गेले होते. हिलोचा पाऊस पाहून मला घरी असल्यासारखेच वाटले. तिथून गाडी वर चढू लागते तशी नेच्यांची गर्दी आणि लाल तुऱ्यांची ओहियाची झाडे मागे पडतात, मग नुसता काळा लाव्हा, मग धुके, आणि धुक्याच्या वर आल्यावर लख्ख कोरडे ऊन. सुमारे २,८०० मीटरवर एक माहिती केंद्र आहे. त्याला एलिसन ओनिझुका या अंतराळवीराचे नाव दिले आहे. ते याच बेटावरचे, १९८६ च्या चॅलेंजर अपघातात गेले. शिखर ४,२०० मीटरच्या वर असल्याने विरळ हवेची सवय व्हावी म्हणून सगळ्यांना तिथे अर्धा तास थांबवतात. त्या अर्ध्या तासात केंद्रामागच्या कुंपणात मी ते झाड पाहिले. शिखरावर जाऊन दुर्बिणीही पाहिल्या, पण मनात राहिले ते झाड.

त्याला तिथले लोक आहिनाहिना म्हणतात, इंग्रजीत सिल्व्हरस्वर्ड. घायपातीसारखी, पण अरुंद, तलवारीच्या पात्यासारखी पाने जमिनीलगत गोल मांडलेली. त्या पानांवर चंदेरी लव इतकी दाट, की मिठाईवरचा वर्ख कोणी पानापानावर लावला आहे असे वाटावे. ही लव शोभेची नव्हे. त्या उंचीवरचे जाळणारे ऊन परतवायला आणि पानातले पाणी जपायला ती असते. झाड अशीच पाने धरून वर्षानुवर्षे, कित्येकदा काही दशके बसून राहते. मग एका उन्हाळ्यात मधून माणसाच्या उंचीहून मोठा दांडा वर येतो, त्यावर शेकडो फुले लागतात, बी होते आणि झाड मरते. आपल्या कारवीचेही असेच, फुलली की संपली. पण कारवी सात वर्षांनी अख्खा डोंगर मिळून फुलवते. आहिनाहिनाची झाडे अशी एकाच वर्षी फुलत नाहीत, आणि त्याला स्वतःचा पराग चालत नाही. आसपास त्याच दिवसांत दुसरे झाड फुललेले नसेल, तर इतक्या वर्षांची तयारी फुकट. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

१८२५ मध्ये जेम्स मॅक्रे हा स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक मौना केआ चढला. वरच्या उजाड टप्प्यात त्याला हेच एक झाड दिसले, आणि केवळ ते पाहण्यासाठी इथवर यावे इतके ते सुंदर आहे, असे त्याने नोंदवून ठेवले. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीही हा डोंगर ओसाड नव्हता. नंतर तो जेवढा ओसाड झाला, त्याचे कारणही माहीत आहे. १७९३ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हरने या बेटावर गायी-बैल आणि मेंढ्या आणल्या. त्यातली गुरे रानात माजली. डेव्हिड डग्लस हा नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ १८३४ मध्ये याच डोंगराच्या उतारावर, रानटी गुरे पकडायला खणलेल्या खड्ड्यात पडून मेला. मागून मेंढ्या वाढल्या. ज्या बेटांवर माणसाने आणेपर्यंत चरणारे जनावरच नव्हते, तिथल्या झाडांना ना काटे, ना कडूपणा. मेंढ्यांनी आहिनाहिना बुंध्यापर्यंत खाल्ले. मेंढीला पोहोचता येत नाही अशा, वायलुकू नदीच्या घळीतल्या कड्यांवर मूठभर झाडे उरली. १९८६ मध्ये अमेरिकी सरकारने ते धोक्यातल्या जातींच्या यादीत घातले.

आता त्याच्या कुळाची गोष्ट. परत आल्यावर चार-पाच महिने मी हेच वाचत होते, मुलगा लेख पाठवत होता. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतले होते, त्याचा इतका उपयोग कधी होईल असे वाटले नव्हते.

पानातल्या पेशीत हरितलवके असतात, हे शाळेत सगळे शिकतात. तिथेच सूर्यप्रकाशावर अन्न तयार होते. पण हरितलवकाला स्वतःचा वेगळा डीएनए असतो, पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएपासून स्वतंत्र. चित्रात तो कड्यासारखा गोल दाखवतात. अक्षरे साधारण दीड लाख. केंद्रकातल्या डीएनएपुढे हे अगदी लहानसे पुस्तक. १९८६ मध्ये जपानमधल्या दोन गटांनी असे पुस्तक पहिल्यांदा सबंध वाचले, एकाने तंबाखूचे, दुसऱ्याने लिव्हरवर्ट या शेवाळासारख्या वनस्पतीचे. बहुतेक फुलझाडांत हे कडे फक्त आईकडून, बीजांडातून येते, परागातून येत नाही. आपल्याकडे आडनाव बापाचे लागते. झाडात हरितलवक आईचे लागते. बापाच्या डीएनएशी त्याची सरमिसळ होत नाही, बदलही फार हळू होतात. म्हणून लाखो वर्षांची आईची ओळ त्यात सापडते. शिवाय एका पेशीत त्याच्या प्रती खूप असतात, त्यामुळे संग्रहालयातल्या जुन्या वाळक्या पानातूनही ते बरेचदा वाचता येते. ज्या बेटावर झाड उरलेच नाही, तिथल्याही झाडाचे गोत्र असे काढता येते.

एक उदाहरण देते, कारण ते आपल्या अंगणातले आहे. १९८७ मध्ये रॉबर्ट जॅन्सन आणि जेफ्री पामर यांनी दाखवले की सूर्यफुलाच्या कुळात हरितलवकाच्या कड्याचा बावीस हजारांहून अधिक अक्षरांचा एक तुकडा उलटा बसलेला आहे. दक्षिण अमेरिकेतली एक छोटी शाखा सोडली, तर सगळ्या कुळात. झेंडू, शेवंती, सूर्यफूल, आपल्या सड्यांवर पावसाळ्यानंतर पिवळी चादर घालणारी सोनकी, सगळ्यांत तो उलटा तुकडा आहे. आहिनाहिनाही याच कुळातले. दांड्यावरचे एक फूल जवळून पाहिले की छोटी शेवंतीच वाटते, मी तिथे माहिती देणाऱ्या बाईंना तसे म्हटलेही होते.

आहिनाहिना एकटे नाही. हवाईत त्याचे तीस-एक भाऊबंद आहेत आणि त्यांना शेजारी उभे केले तर कोणी नातेवाईक म्हणणार नाही. कुणी दलदलीतली गादीसारखी बुटकी उशी, कुणी झुडूप, कुणी पावसाळी रानातले झाड, एक तर चक्क दुसऱ्यावर चढणारा वेल. कौआई बेटावर इलियाऊ नावाचे एक आहे, काठीच्या टोकाला पानांचा झुबका. ही मंडळी आली कुठून, यावर मोठा वाद होता. १९३६ मध्ये डेव्हिड केक यांनी अमेरिकेतल्या टारवीडशी यांचे नाते नाही, असे मत मांडले. टारवीड म्हणजे कॅलिफोर्नियातले डांबरासारखे चिकट, उग्र वासाचे तण. १९५९ मध्ये शेरविन कार्लक्विस्ट यांनी खोड-पानांची अंतर्रचना तपासून उलट सांगितले : हे त्यांचेच नातलग. बरीच वर्षे निकाल लागला नाही, कारण बाहेरचे रूप दोन्ही बाजूंनी साक्ष देत होते.

निकाल हरितलवकाने लावला. ब्रूस बाल्डविन, डोनाल्ड किहोस आणि यान ड्वोराक यांनी १९९० मध्ये हवाईच्या या सगळ्या गटाचा हरितलवकाचा डीएनए तपासला. तेव्हा सबंध कडे वाचणे आजच्यासारखे सोपे नव्हते. विकरांनी (एन्झाइमांनी) डीएनए ठरावीक जागी कापायचा आणि तुकड्यांची लांबी जुळवून पाहायची, अशी ती पद्धत. १९९१ मध्ये जेराल्ड कार यांच्यासह त्यांनी निष्कर्ष छापला : उशी, झुडूप, वेल, तलवार, सगळ्यांची आईची ओळ एकच, आणि ती कॅलिफोर्नियाच्या टारवीडमध्ये जाऊन मिळते. मध्ये साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त समुद्र. एखाद्या पक्ष्याच्या पिसाला चिकटून आलेले बी, हाच त्यातल्या त्यात पटणारा तर्क. पुढे बाल्डविन यांनी कॅलिफोर्नियातल्या त्या जवळच्या नातलगांपैकी एकाच्या प्रजातीला कार्लक्विस्टिया नाव दिले. त्याच्या चाळीस वर्षे आधी नुसत्या सूक्ष्मदर्शकावर खरे सांगणाऱ्या माणसाचा हा मान मला फार योग्य वाटतो.

नंतरच्या हिशेबाप्रमाणे या हवाईच्या गटाचा मूळ पूर्वज फार तर पन्नास लाख वर्षांपूर्वीचा. मौना केआ डोंगर त्या मानाने अगदी तरुण, दहा लाख वर्षांच्या आसपासचा. कुळ डोंगरापेक्षा जुने! जुन्या बेटावरून नव्या बेटावर, लाव्हा थंड होईल तसतसे ते सरकत आले.

पण आईची ओळ म्हणजे पूर्ण कुळ नव्हे, हेही सांगायला हवे. हवाईतली ही झाडे आपसांत सहज संकर करतात. त्यामुळे कधी रूप एका जातीचे आणि हरितलवक शेजारच्या जातीचे, असे निघते. हरितलवक आणि केंद्रक यांची वंशावळ काही ठिकाणी जुळत नाही ती यामुळेच. बापाची बाजू कळायला केंद्रकातच पाहावे लागते. १९९९ मध्ये मरियन बॅरियर, बाल्डविन, रॉबर्ट रोबिशॉ आणि मायकेल पुरुगनन यांनी फुलांशी संबंधित जनुके तपासली, तर हवाईच्या झाडांत त्यांच्या दोन-दोन प्रती निघाल्या, कॅलिफोर्नियातल्या दोन वेगळ्या शाखांकडे बोट दाखवणाऱ्या. म्हणजे मूळ पूर्वज स्वतःच संकर होता. आम्ही कलमे बांधणारी माणसे खुंट कुणाचा आणि काडी कुणाची हे दोन्ही विचारतो, तसेच हे. नुसत्या एका बाजूने झाड कळत नाही.

आता मूळ मुद्दा. कुंपणापाशी माहिती देणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना मी, आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न असतो तो विचारला : हे बी कुठल्या झाडाचे? त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या, मग मला बाकावर बसवून त्यांनी सगळे सांगितले.

मौना केआवर आहिनाहिनाची पुन्हा लागवड १९७३ पासून सुरू झाली. कुंपणे घातली, रोपे लावली, ती जगली, फुलली, त्यांच्या बियांची पुन्हा रोपे केली. झाडे शेकड्यांनी झाली. वरवर पाहता झाड वाचले होते. १९९७ मध्ये रोबिशॉ, एलिझाबेथ फ्रायर आणि डेव्हिड माउंट यांनी या लागवडीचा डीएनए तपासून छापला. लावलेली सगळी झाडे मिळून फक्त दोन आयांची संतती होती. दोन! कड्यावरच्या मूठभर जंगली झाडांत जेवढी विविधता उरली होती, तेवढीही या शेकडो झाडांत नव्हती. ज्या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही, त्याला भावंडांचाही पराग बरेचदा चालत नाही. कुंपणात गर्दी आहे, पण लग्नाला स्थळ नाही, अशी ती अवस्था.

मग ती मंडळी कड्यावर गेली. फुललेल्या जंगली झाडाचा पराग आणून लागवडीतल्या फुलांवर हाताने लावला. त्या बियांची रोपे पुन्हा डोंगरावर लावली. मी हे ऐकले तेव्हा खरोखर गहिवरले. वर्षातून एखाददुसरे झाड फुलायचे, ते कड्यावर, आणि त्याच्या फुलाचे दिवस चुकले तर ते झाडच मरून जाणार. पण हरितलवकाचा नियम इथेही सुटत नाही. परागाने बापाची बाजू नवी होते, आईची ओळ तीच राहते. आईची नवी ओळ हवी असेल, तर कड्यावरच्या झाडाचेच बी आणायला हवे. म्हणून किती रोपे लावली, याच्याआधी किती आयांचे बी घेतले, हा प्रश्न यायला हवा. आईची ओळ आज डीएनएत लिहिलेली दिसते, ती तपासता येते, मग ती न विचारण्याला सबब उरत नाही.

हे मी दुसऱ्यांना सांगत नाही, आधी माझे सांगते. २०१६ च्या पावसाळ्याआधी एका कार्यालयाकडून सीताअशोकाच्या सहाशे रोपांची मागणी आली. आमच्या वाडीच्या वळणावर एक मोठा अशोक आहे, रस्त्यालगत, शेंगा हाताला येतात. सगळे बी मी त्या एका झाडाचे घेतले. दुसरी झाडे होती, पण ती देवराईत, चढणीवर, आणि माणसे मिळत नव्हती. रोपे उत्तम झाली. त्यांनी मोजून घेतली, पावती दिली, झाडे लावतानाचा फोटो वर्तमानपत्रात आला. बी कुठले, हे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. हवाईहून आल्यावर ती लागवड पाहून आले. झाडे पुरुषभर उंच झाली आहेत, पानांना तकतकी आहे, पाहणाऱ्याला आनंद होईल. मला मात्र तिथे सहाशे झाडे दिसली नाहीत, एकच आई दिसली. सीताअशोक जंगलातून झपाट्याने कमी होतो आहे, सालीसाठी तोडला जातो. अशा झाडाच्या बाबतीत मी हे करायला नको होते.

हापूसची गोष्ट वेगळी, तिथे गिऱ्हाइकाला एकाच चवीचे फळ हवे असते म्हणून आपण मुद्दाम एका मातृवृक्षाच्या काड्या घेतो. रानाला एकसारखेपणा नको असतो. तरी सरकारी आणि खासगी दोन्ही लागवडींच्या निविदांत मी पाहिले आहे : रोपाची उंची, पिशवीचा आकार, नग. मातृवृक्षांची संख्या हा रकाना माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही. तो असावा, आणि आपल्यासारख्या दैनिकाने लागवडीची बातमी देताना तो आकडा विचारावा, ही माझी विनंती आहे. बातमीदाराने एकदा विचारला की दुसऱ्या वर्षी देणारा तयारीत येतो. एखाद्या दुर्मीळ जातीची पाचशे रोपे लावली असे कोणी सांगितले, तर किती झाडांचे बी, ती झाडे कुठली, एवढे दोनच प्रश्न पुरतात.

दुर्बीण तिथे व्हावी की नाही, या वादात मी पडत नाही. तिथल्या मूळ लोकांना तो डोंगर पवित्र आहे, त्यांनी २०१५ आणि २०१९ मध्ये रस्ता अडवला होता, मुलगा त्यांच्याबद्दल आदरानेच बोलतो. आहिनाहिना दुर्बिणीच्या जागेवर नाही, ते खालच्या उतारांवर आहे, हेही स्पष्ट करते, नाहीतर माझ्या पत्राचा भलताच अर्थ निघेल. पण अगदी शिखरावरच्या राखेच्या टेकड्यांतही वेकिऊ नावाचा एक छोटा कीटक राहतो, वाऱ्याने खालून उडून आलेले किडे खाऊन जगतो. तेव्हा पुढच्या लेखात ओसाड हा शब्द कृपया वापरू नये. आमच्या सड्यांनाही लोक हाच शब्द लावतात आणि मग तिथे खाणी येतात.

माझ्या रोपवाटिकेत या वर्षीपासून प्रत्येक पिशवीवर मातृवृक्षाचा क्रमांक तेलरंगाने लिहायला सुरुवात केली आहे आणि वहीत त्या झाडाची जागा. सीताअशोकाच्या वाफ्यासाठी यंदा अकरा झाडे ठरली आहेत. बारावे मार्लेश्वरच्या वाटेवर सापडले आहे. त्याच्या शेंगा अजून हिरव्या आहेत, पंधरा दिवसांनी पुन्हा जाणार आहे.

आपली नम्र,
एक रोपवाटिकाचालक,
देवरुख, जि. रत्नागिरी